तळव्यातला मंत्र

कुसगाव, ता. ११ सप्टेंबर १९६८

महिपती केदारीला गोरख पडवळचा रामराम.

अकरा वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज लिहितोय ते भांडण मिटवायला. आपलं नव्हे, माझ्या ओसरीवरच्या दोन बायकांचं. दोन बायका म्हटल्यावर दचकू नकोस, लग्न एकच झालंय. एक माझी बायको झुंबर आणि दुसरी शेजारच्या शालूबाई.

तुझा पत्ता नथूने दिला. तुमच्याच वाडीचा तो, कामशेतहून आंबेमोहोराची पोती घेऊन आमच्या पार्सल ऑफिसात येतो. मी लोणावळा स्टेशनावर पार्सलचा कारकून आहे. आजारानंतर रेल्वेने मला हलकं काम दिलं, तेच चाललंय. तब्येत बरी आहे. तुझीही बरी आहे असं नथू म्हणाला. जत्रेत कुस्तीच्या फडाला पंच असतोस म्हणे. त्याहून जास्त मी विचारलं नाही.

आता भांडणाचं. गौरी बसायच्या आदल्या दिवशी झुंबर मागच्या अंगणातल्या शेवाळावरून घसरली आणि तिच्या पायाचं हाड मोडलं. दीड महिना प्लास्टर. दिवसभर कामात असणारी बाई खाटेवर पडली की तिचं काय होतं ते मी चार दिवस पाहिलं. छताच्या वाशांशी भांडायची वेळ आली होती. शेवटी मी ट्रंकेतून आपली वही काढली.

हो, आपलीच. तुझ्याकडे नाही म्हणजे माझ्याकडेच असणार हे तू ओळखलं असशील.

आपण त्या खेळाला कधी नाव दिलं नाही. दवाखान्यात क्षयाच्या वॉर्डातले लोक 'तुमचा तो गडांचा खेळ' म्हणायचे. झुंबरला समजावताना मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि किती साधा आहे याचं माझं मलाच नवल वाटलं. एकाने सांगणारा व्हायचं. दुसऱ्याने एक माणूस घ्यायचा. त्याचं बळ किती, चपळाई किती, मनाचा धीर किती, हे आकडे कागदावर मांडायचे. सांगणारा म्हणतो, समोर दरवाजा आहे, आत कोणीतरी खोकतंय. खेळणारा म्हणतो, मी दरवाजा ढकलतो. मग सहा कवड्या टाकायच्या आणि किती उताण्या पडल्या त्यावर काय घडलं ते ठरवायचं. तापाच्या तक्त्यांच्या पाठीवर मी नकाशे काढायचो आणि तुझा भैरू पैलवान एकेक गड चढायचा. तिकोना, तुंग, लोहगड. चौदा महिने आपण दोघं खाटेवर पडून होतो आणि भैरू मात्र मावळ पालथा घालत होता.

झुंबरला खेळ इतका आवडला की शालूबाईही येऊन बसू लागल्या. झुंबरने हत्यार न घेणारी पैलवानीण घेतली, शालूबाईंनी मांत्रिकीण. विसापूरच्या पाण्याच्या टाक्यावर दोघींचं बिनसलं. मांत्रिकिणीने तळव्यात मंत्र भरला. ज्याला तळवा लागेल त्याचा दगड होणार. पैलवानिणीने पुढे होऊन तिचं मनगट धरलं आणि हात पाठीमागे पिरगळला.

शालूबाई म्हणाल्या, "झाला दगड!"

झुंबर म्हणाली, "कशाचा दगड? मी तिला धरलंय, तिनं मला कुटं धरलंय?"

हातवार असेल तर समोरच्याची चपळाई मोजतात. मंत्रवार असेल तर चपळाई कामाची नाही, फक्त मनाचा धीर मोजतात. पण मंत्र हातातूनच लावायचा असेल तर तो कोणता वार? मी वही उघडली. पान एक्केचाळीस. तिथे लिहिलंय, 'मंत्र तळव्यातून लावला तरी तो मंत्रवारच समजावा. चपळाई मोजू नये.' मी ते वाचून दाखवलं. झुंबर मला म्हणाली, "आसला अन्याव कुनी लिवला?" शालूबाई म्हणाल्या, "लिवलंय म्हंजी लिवलंय." बोलाचाली वाढली, आणि आज तीन दिवस झाले, शालूबाई ओसरीवर फिरकल्या नाहीत.

याच नियमाने भैरू गेला होता, म्हणून तुला विचारतो. तू पैलवान आहेस, आता पंचही आहेस. तुझं मत काय ते एका कार्डावर कळव.

तू निघालास त्या दुपारी मला इंजेक्शनाची गुंगी होती, त्यामुळे उठता आलं नाही. तेवढं सांगायचं राहून गेलं होतं.

गोरख


कुसगाव, रविवार, ता. २९ सप्टेंबर १९६८

महिपतीस रामराम.

कार्ड आलं नाही. नथू म्हणाला, पत्र पोचलं, त्याने स्वतः तुझ्या हातात दिलं. म्हणजे वाचलं असशील. तू वाचतोस हे मला कुणी सांगायला नको. 'क' कवडीचा आणि 'भ' भैरूचा असं करत मीच तर तुला त्या वहीवरून शिकवलं. पहिलं पूर्ण वाक्य तू वाचलंस ते 'पडलेल्या माणसावर वार करू नये'. शेजारच्या खाटेवरच्या दत्तोबांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

इकडची हकिगत अशी. शालूबाई मंगळवारी आल्या, पण भांडायलाच. दारातून म्हणाल्या, "झुंबरबाय, विंचू धरलास तर चावंल का न्हाई?"

झुंबर उठून बसली. "विंचवाची नांगी धरली तर? आमच्या माहेरी नान्यात पोरीबाळी नांगी धरून विंचू घराबाहीर टाकतात."

"आन निसटला तर?"

"निसटला तर चावंल. पर निसटायला पायजे ना!"

शालूबाई विचारात पडल्या, पण हरल्या असं काही म्हणाल्या नाहीत. तशाच परत गेल्या. झुंबर मला म्हणाली, "तुमी काईच का बोलत न्हाई? सांगनारे तुमी ना?" मी म्हटलं, वहीत आहे ते मी वाचलं. ती म्हणाली, "वही काय आभाळातनं पडली? तुमच्याच अक्षरात हाय ती."

त्यानंतर पाच दिवस मी या पत्राचा विचार करतोय.

महिपती, पान एक्केचाळीस मी त्याच दिवशी लिहिलं. भैरू मेला त्या दिवशी. सकाळी तुला शेवटच्या तपासणीला नेलं, तेव्हा मी वही काढून ते लिहिलं. शाई जुनी वाटावी म्हणून दौतीत पाणी मिसळलं. तू परत आलास, आपण खेळायला बसलो. काळकड्यावरच्या मांत्रिकाला तू गाठलंस आणि त्याचे दोन्ही हात धरलेस. तुझी चपळाई पाच होती. हातवार मोजला असता तर तो भैरूच्या केसालाही लागला नसता. मी म्हटलं, थांब, याला वेगळा नियम आहे. तू म्हणालास, "दाव." मी वही पुढे केली. तू बोट ठेवून एकेक अक्षर वाचलंस, दोनदा वाचलंस, आणि म्हणालास, "लिवलंय तर खरं." मग मी कवड्या टाकल्या.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. झुंबरला काल सांगितलं. ती म्हणाली, "मग मला काय सांगता? त्यास्नी लिवा."

म्हणून लिहिलं.

गोरख


कुसगाव, ता. १५ ऑक्टोबर १९६८

महिपती,

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. पोस्टमनने वाचलेलं दिसलं, कारण त्याने मला विचारलं, "पडवळ, हे वैद्याचं काम काय?" सबंध कार्डावर दोन-तीनच ओळी, तुझं तेच मोठं अक्षर. 'मनगट धरलं तर तळवा लागत न्हाई. दंड धरला तर लागतो. धाईत सात डाव न्हाई लागला. महिपती केदारी.'

दहात सात कुठून काढलेस? पण झुंबरचं समाधान झालं आणि गंमत म्हणजे शालूबाईंचंही. मी त्यांच्या घरी जाऊन कार्ड वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी तीन डाव मी जितले ना? मग झालं." लगेच घरात गेल्या, हातात दह्याची वाटी घेऊन आल्या आणि माझ्या पुढे चालू लागल्या. आता आमचा नियम असा आहे. तळव्यातला मंत्र असेल तर आधी हात लागला का ते बघायचं आणि त्यासाठी समोरच्याची चपळाई मोजायची. लागला, तरच मंत्र चालला का ते बघायचं आणि तेव्हा धीर मोजायचा. एका वाराला दोनदा कवड्या. मनगट धरलेलं असेल तर मांत्रिकाने हात सोडवून घेतल्याशिवाय मंत्र नाही. दंड किंवा खांदा धरलात तर तुमचं नशीब. कालच्या डावात झुंबरने दंड धरला आणि तिचा दगड झाला. शालूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनीच तिला पुढच्या फेरीत जिवंत करायचा मंत्र शोधून काढला. मी परवानगी दिली. आता मी सढळ हाताने परवानग्या देतो.

झुंबरचं प्लास्टर गुरुवारी निघालं. पाय काटकुळा झालाय, पण लंगडत का होईना चुलीपाशी जाते. तिने चुलीचा ताबा घेतल्यापासून मला चहात साखर पुरेशी मिळते. घर पुन्हा घरासारखं झालं.

कार्डावर तू बाकी काही लिहिलं नाहीस. पान एक्केचाळीसबद्दल एक अक्षर नाही. मी ते का लिहिलं हे तू विचारलं नाहीस, तरी सांगतो.

त्याच आठवड्यात आपल्या दोघांच्या छातीच्या एक्स-रे प्लेटा काढल्या होत्या. तुझी स्वच्छ आली. माझ्या उजव्या बाजूला डाग तसाच होता. डॉक्टर मला म्हणाले, अजून सहा-आठ महिने. तू आपल्या खाटेवर बसून कपड्यांचं गाठोडं बांधत होतास, मधेच गाणं गुणगुणत होतास. मला वाटलं, हा धडधाकट घरी जाणार, परत मातीत उतरणार, आणि भैरूही जिंकून जाणार. मग माझ्यापाशी काय राहिलं? तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. अठ्ठाविसाव्या वर्षी इतकं क्षुद्र होता येतं हे मला माहीत नव्हतं.

मला एक भीती अकरा वर्षं आहे, ती आता विचारतो. नथू म्हणाला, तू पुन्हा कधी फडात उतरला नाहीस. पंच असतोस, लढत नाहीस. ते भैरूमुळे का? तुला ते अपशकुनासारखं लागलं का? खरं काय ते लिही. कार्ड पुरणार नाही, म्हणून सोबत पाकीट पाठवतोय.

गोरख


कुसगाव, ता. १२ नोव्हेंबर १९६८

महिपती,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा ऑफिसात पोत्यावर बसून, एकदा घरी मनात, आणि एकदा झुंबर-शालूबाईंना मोठ्याने. मोठ्याने वाचताना मी एक परिच्छेद गाळला. तो कोणता ते तुला कळेल.

तू लिहितोस, 'भैरू मेला म्हणून म्या कुस्ती सोडली आसं न्हाई. पयल्याच महिन्यात डॉक्टरनं सांगितलं हुतं, आता मातीत उतरायचं न्हाई, फुप्फुस फाटंल. म्या कुनाला बोललो न्हाई. तुला बी न्हाई. म्हणून तर भैरूला लढवत हुतो.'

महिपती, चौदा महिने माझ्या खाटेपासून दोन हातांवर तू झोपलास आणि मला हे कळलं नाही! मी सांगणारा होतो. समोर दरवाजा आहे, आत कोण आहे, हे सांगायचं माझं काम. आणि माझ्या समोर कोण बसलाय ते मलाच दिसलं नाही. तू गाणं गुणगुणत गाठोडं बांधत होतास ते कसलं गाणं होतं, आता वाटतं विचारावं.

पुढे तू लिहितोस, 'पंचानं दोन पैलवानांच्या मधी हुबं ऱ्हायाचं आसतं. तू एकाच्या बाजूला जाऊन हुबा ऱ्हायलास. चुकलं तुझं. पर म्या बी जत्रंत दोनदा चुकीचा निकाल दिलाय, एकदा तर भाचा हुता म्हणून. तवा ते सोड.'

सोडलं. तू म्हणतोस म्हणून सोडलं.

आता तो गाळलेला परिच्छेद. 'डावात मेलो त्याचं काय न्हाई गोरख. म्या निगालो, तुझ्या खाटंपाशी आलो. तू पाठ करून निजला हुतास. म्या हाक मारली. दोनदा मारली. दत्तोबांनी बी मारली. मोटार थांबली हुती, गेलो. लय दीस ते लागलं.'

पहिल्या पत्रात मी इंजेक्शनाची गुंगी लिहिली. त्या दिवशी मला इंजेक्शन नव्हतंच, ते एक दिवसाआड असायचं. मी जागा होतो. डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून पडलो होतो आणि तुझ्या दोन्ही हाका ऐकल्या. दुसरी हाक तू हळू मारलीस, मला झोप लागली असेल तर मोडू नये म्हणून. तुझी चप्पल फरशीवर वाजत गेली ती मी जिन्यापर्यंत ऐकली. मग मोटारीचं दार. मग उठलो तर खिडकीतून फक्त धूळ.

पान एक्केचाळीस तुला सांगायला मला सोपं गेलं. ती नियमाची चूक होती, तिच्यावर वाद घालता येतो. ही गोष्ट मात्र मी तीन पत्रं लपवली आणि तूच मला धरलंस. माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. झुंबरला विचारलं तर ती म्हणाली, "जेवायला बोलवा."

तर जेवायला ये. पंधरा डिसेंबरला रविवार आहे, मला सुट्टी आहे. वहिनींना घेऊन ये. कामशेतहून सकाळची गाडी पकड, मी स्टेशनावरच असेन. झुंबर मासवडी करणार आहे आणि शालूबाई म्हणाल्यात की त्यांना 'त्यो मनगटवाला पैलवान' डोळ्यांनी बघायचाय.

गोरख


कुसगाव, ता. १८ डिसेंबर १९६८

प्रिय महिपती,

तुम्ही सुखरूप पोचलात हे नथूकडून कळलं. सारजावहिनींची पिशवी आमच्या खुंटीला राहिली आहे, ती नथूबरोबर पाठवतो. आत झुंबरने तिळाच्या वड्या घातल्या आहेत. वाटेत नथूने खाल्ल्या तर मला कळव.

तू घरात असताना जे बोलायला जमलं नाही ते आता कागदावर बोलावं असं मनात होतं. लिहायला बसलो तर सगळं बोलून झालंय असं वाटतं. म्हणून नुसती रविवारची हकिगत लिहितो. झुंबर रोज मला ती सांगायला लावते आणि रोज मधेच दुरुस्त करते, तेव्हा चुकलं असेल तर ते तिच्या माथी.

तू केस पांढरे करून बसलास हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गाडीतून उतरलास तेव्हा मी तुझ्या मागच्या माणसाकडे बघत होतो. तू म्हणालास, "आरं, हिकडं बघ की." मग आपण दोघंही तिकीट तपासणाऱ्याच्या पुढे उभे राहिलो आणि त्याने तिकीट मागितलं तेव्हा तू माझ्याच हातात दिलंस.

दुपारी तू मासवडीच्या सहा वड्या खाल्ल्यास. शालूबाई मोजत होत्या. त्या तुला म्हणाल्या, "पैलवान भाऊ, धाईत सात कसं काडलं तुमी?" तू मान खाली घातलीस आणि उत्तर वहिनींनी दिलं. ते उत्तर मी आयुष्यभर विसरणार नाही.

वहिनी म्हणाल्या, "ह्यांनी मला आट दीस सैपाक करू दिला न्हाई! तुमचं पत्र आलं तवापास्नं एकच. म्हनायचे, तळव्याला पीठ लाव आन मला शीव. म्या पीठ लावायची, हे माजं मनगट धरायचे. मग सदरा बघायचे, पीठ लागलं का न्हाई. लागलं की म्हनायचे, मेलो. परत लाव. डब्यातलं तांदळाचं पीठ निम्मं ह्यांच्या सदऱ्यावर गेलं. शेजारीन म्हनाली, सारजे, तुमी नवरा-बायकू दारं उगडी टाकून काय खेळता?"

तू तेव्हा छपराकडे बघत होतास. तुझा कान लाल झालेला मी पाहिला. मी इकडे रोज पोस्टमनची वाट बघत होतो, तुझ्या गप्प राहण्याचे नाना अर्थ लावत होतो, आणि तू तिकडे पिठात माखून माझ्या प्रश्नाचं उत्तर शोधत होतास! हे मी झुंबरला म्हटलं तर ती म्हणाली, "मान्सं राग धरत्यात तेबी असंच धरत्यात, मनापास्नं."

मग शालूबाईंनी तांदळाच्या पिठाची परात आणली. तू सांगणारा झालास. मी आजवर कधी खेळणारा झालो नव्हतो, हे मला तेव्हाच उमगलं. खेळणाऱ्याला पुढचं काहीच माहीत नसतं. तू म्हणालास, "गोरख, तुज्या म्होरं एक बाई हुबी हाय. पाय लंगडा हाय पर हात जोरात हाय. तळव्यात मंत्र हाय. काय करतूस?" मी म्हटलं, मनगट धरतो. तू म्हणालास, "कवड्या नको. उठ आन धर."

मी उठलो. झुंबरने दोन्ही तळवे पिठात बुडवले होते आणि ती खाटेला टेकून उभी होती. नऊ वर्षांच्या संसारात तिच्या डोळ्यांत असला खोडकरपणा मी पाहिलेला नव्हता. मी उजवं मनगट धरलं. बरोबर धरलं, तूही मान हलवलीस. पण डावा हात मी विसरलो. तिने तो माझ्या टकलावर असा थापला की पीठ चष्म्यावर उतरलं.

"मेला!" शालूबाई ओरडल्या.

तू पुढे आलास, माझं मनगट धरून दाखवू लागलास, असं धरायचं, अंगठा आतून, दुसरा हात मोकळा सोडायचा नाही. तुझी पकड अजून तशीच आहे. हाडं मोडतील असं वाटलं आणि मला इतकं बरं वाटलं की मी हात सोडवून घेतला नाही. तेवढ्यात मागून सारजावहिनींनी तुझ्या पाठीवर पाचही बोटं उमटवली. पंच मेला, शिकवता शिकवता.

आणि तू हसू लागलास. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तो थांबेना. आणि हसता हसता तुला खोकला आला.

वहिनींचा हात हवेतच राहिला. झुंबर माझ्याकडे बघू लागली, मी तुझ्याकडे. तू वाकलास, गुडघ्यावर हात ठेवलास, खोकलास. आपल्यासारख्यांना तो आवाज ओळखायला शिकवावं लागत नाही. वॉर्डात कोणाला कसला खोकला आला ते डोळे मिटूनही सांगता यायचं. मी कान लावून ऐकत होतो. छातीच्या तळातून येतोय का, ओला आहे का. नव्हता. गळ्यात पीठ गेलं होतं.

तू डोळे पुसत वर बघितलंस आणि आम्हा चौघांचे चेहरे पाहून म्हणालास, "आरं, हसतुया मी. हसू बी दीना का आता?"

मग आम्ही सगळेच हसलो. शालूबाई तर परातीतच बसल्या.

आज ऑफिसात पार्सलांवर शिक्के मारता मारता मला ते आठवलं आणि मी एकटाच मोठ्याने हसलो. शेजारच्या टेबलावरचा सखाराम हमालांची यादी बाजूला ठेवून म्हणाला, "पडवळ, काय झालं?" त्याला कुठून सुरुवात करून सांगणार? मी म्हटलं, "काही नाही रे. रविवारी मी मेलो. तांदळाच्या पिठाने."

तुझा
गोरख